दाणा धरेपर्यंत

तीन वाट्या साखर, एक वाटी पाणी.
अलफिया म्हणाली, काकू, एवढी मावायची नाही,
पाणी कुठं ठेवंल तिला?
गरम झालं की ठेवतं, मी म्हटलं
आणि गॅस बारीक केला.

संकेश्वरात साखरेचं कुणाला कौतुक?
गळीत सुरू झालं की मळीचा वास
वाळत घातलेल्या चादरीतसुद्धा शिरतो,
पोरं चालत्या ट्रॉलीतनं ऊस ओढतात.
पण खडीसाखर? ती दुकानातच तयार होते,
असं ईरण्णाचं मत.
कल्लुसक्करी, तो म्हणाला, दगडाची साखर.
सन्मती म्हणाला, खडी म्हणजे पण दगडच की वो,
रस्त्यावर घालतात ती.
मग दोघंही कितीतरी वेळ
पातेल्यात वाकून दगड शोधूलालते.

दोरे भिजवले, साखरेत लोळवले,
खिडकीत वाळत घातले.
लोणच्याची एक बरणी, कॉफीच्या दोन बाटल्या,
तोंडावर आडवी पेन्सिल, पेन्सिलीला दोरा,
दोरा तळाला टेकू द्यायचा नाही.
ईरण्णाची धाकटी गंगव्वा उशिरा आली,
हातात तिच्या आईची औषधाची रिकामी बाटली.
गडबडीत तिचा दोरा
मी कोराच सोडला पाकात.

आता हलवायचं नाही. आठ दिवस.
हे सर्वांत अवघड.

आमचे आप्पा कारखान्यात पॅनवर होते.
काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घेऊन
दिव्यासमोर धरायचे, एक डोळा मिटून:
दाणा धरलाय का.
माझा दहावीचा निकालही
त्यांनी तसाच बल्बासमोर धरला होता.
काही बोलले नाहीत.
घाई केली की बारीक पडतो,
एवढं एकदा म्हणाले होते,
तेही आईला, भाताबद्दल.

रोज शाळेआधी दाराशी ईरण्णा, बंतेनु?
नाही रे, अजून नाही.
उसाचा ट्रॅक्टर गल्लीतनं गेला
की बाटल्यांतलं पाणी थरथरायचं.
तिसऱ्या दिवशी अलफियानं रस्त्यात उभी राहून
ड्रायव्हरला हात केला:
मामा, गाणं बारीक करा,
आत साखर धरूलालीय.
त्यानं खरंच बारीक केलं.
पुढच्या वळणावर परत मोठं.

चौथ्या दिवशी वर साय आली, काचेसारखी,
चमच्यानं फोडली.
पाचव्या दिवशी एक मुंगी.
सहाव्या दिवशी अलफियाच्या दोऱ्याला कोपरे फुटले,
खरे कोपरे, बोटाला टोचणारे,
आणि कुणी शिकवलं नसताना
सगळी कुजबुजत बोलायला लागली.

आठव्या संध्याकाळी दोरे वर काढले.
अलफियाचा जाड, ईरण्णाचा वाकडा
(रोज हलवत होता, कबूल केलं),
सन्मतीचा थोडा पिवळा.
गंगव्वाचा दोरा आला तसाच, ओला, रिकामा.

मी तोंड उघडलं, चूक माझी आहे म्हणून सांगायला.
तिनं बाटली उलटी केली.
काही पडलं नाही.
तळाशी अख्खी लादी धरली होती,
अंगठ्याएवढी जाड.
नंदु केळग कुंतैति, ती म्हणाली.
माझी खाली बसलीय.
दमलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

बत्त्यानं फोडूया का, विचारलं. नको म्हणाली.

कडाकडा चावायचे आवाज सुरू झाले.
सन्मती दोरा धरून नुसता उभा.
दिवस मावळला होता,
त्यांच्यात रात्री खात नाहीत.
उद्या खातो की, तो म्हणाला,
आणि दोरा परत बरणीत सोडला,
पेन्सिल नीट आडवी केली.
अलफियाचं चावणं हळू झालं.
मग तिनं उरलेला तुकडा
ओढणीच्या टोकात बांधला.

पोरं गेल्यावर गंगव्वाची बाटली ओट्यावरच होती.
विसरली, की ठेवून गेली, कुणास ठाऊक.
मी ती बल्बासमोर धरली.
एक डोळा आपोआप मिटला.